जुनी रायफल, नवी नळी

कारखान्यात घाऊक प्रमाणावर तयार होऊन दुकानातून विकली जाणारी शिकारीची रायफल ही अमेरिकेच्या ग्रामीण जीवनातील अत्यंत टिकाऊ वस्तूंपैकी एक आहे; ती वडिलांकडून मुलांकडे आणि पुढे नातवंडांकडे जाते, आणि या वाटचालीत कधी ना कधी तिच्या मालकासमोर असा प्रश्न उभा राहतो, की तिला आहे तशीच ठेवावी, तिचे काही भाग सुधारून घ्यावेत, की तिची नळीच बदलून टाकावी. पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत, जिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आगेमागे सुरू होतो आणि लाखो लोक परवाने घेऊन रानात उतरतात, हा प्रश्न केवळ हौशी लोकांपुरता उरत नाही. त्यात धातूंचे शास्त्र येते, गोळीच्या गतीचे शास्त्र येते, पैशाचा हिशेब येतो, आणि ज्या जनावरावर गोळी झाडायची त्याला जखमी अवस्थेत रानोमाळ भटकावे लागू नये ही जबाबदारीही येते. बहुतेक मालक नळी बदलण्याचा विचार करतात तो नेम बिघडल्यामुळे, आणि नेमके हेच कारण पुष्कळदा खोटे ठरते. नळी बदलण्याची जी खरी आणि सबळ कारणे असतात, ती मात्र नेम उत्तम लागत असतानाही उद्भवू शकतात.

हे समजण्यासाठी रायफलीची रचना थोडक्यात पाहावी लागते, आणि त्यासाठी रेमिंग्टन कंपनीच्या ‘मॉडेल ७००’इतके सोयीचे उदाहरण नाही. ही रायफल १९६२ मध्ये बाजारात आली, परंतु तिचा आराखडा १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांमध्येच तयार झाला होता. तो घडवणाऱ्यांतील प्रमुख अभियंता माईक वॉकर हा स्वतः बेंचरेस्ट नेमबाज होता; बेंचरेस्ट म्हणजे भक्कम मेजावर रायफल टेकवून कागदावरील छिद्रे एकमेकांच्या शक्य तितकी जवळ आणण्याची स्पर्धा. रायफलीचा मध्यभाग, ज्यात बोल्ट पुढेमागे सरकतो, त्याला रिसीव्हर म्हणतात. मॉडेल ७०० मध्ये तो साधा गोल दंडगोल असून लेथवर स्वस्तात घडवता येतो. त्याच्या पुढच्या टोकाला आटे असतात आणि नळी त्यांत घट्ट पिळून बसवलेली असते. नळीच्या मागच्या टोकात काडतूस बसण्याची पोकळी असते, तिला चेंबर म्हणतात, आणि चेंबरच्या पुढे नळीच्या आतल्या अंगाला पेचदार खाचा कोरलेल्या असतात, ज्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते व सरळ मार्गावर राहते. उत्पादनखर्च वाचवण्यासाठी स्वीकारलेली ही गोल रचना अचूकतेलाही इतकी अनुकूल ठरली, की अमेरिकी मरीन दलाने १९६६ मध्ये आणि लष्कराने १९८८ मध्ये आपल्या दूरवेधी रायफली याच पायावर उभारल्या. नळी, दस्ता, चाप असे सर्व भाग वेगवेगळ्या कारखान्यांकडून मिळण्याची जी सोय आज आहे, तिचे मूळही या साधेपणात आहे.

आता नेम बिघडला म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे. अचूकतेचे रूढ माप म्हणजे कोनाचे एक मिनिट, अर्थात एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतरावर हा कोन १.०४७ इंचाएवढा रुंद होतो, आणि अंतर दुप्पट झाले की तोही दुप्पट होतो. सामान्य कारखानी रायफल एक ते दोन मिनिटांच्या आसपास गोळ्या टाकते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जी मर्मस्थानाची जागा होते, ती साधारण आठ इंच व्यासाची धरली जाते. दोन मिनिटांची रायफलसुद्धा २०० यार्डांवर आपल्या गोळ्या सव्वाचार इंचांच्या वर्तुळात टाकते, म्हणजे नेमलेल्या बिंदूपासून गोळी फार तर दोन-सव्वादोन इंच ढळते. घनदाट रानात, जिथे बहुतेक हरणे १०० यार्डांच्या आतच दिसतात, तिथे याहून अधिक अचूकतेचा उपयोग होण्याजोगी परिस्थितीच क्वचित येते. धापा टाकणारा श्वास, गारठलेली बोटे आणि घाई यांमुळे होणारी चूक रायफलीच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असते. उलट वायोमिंगच्या उघड्या माळावर ३५० यार्डांवरच्या प्राँगहॉर्नसाठी, जे हरणासारखे दिसणारे पण आकाराने लहान असे चपळ जनावर आहे, तीच रायफल अपुरी पडू शकते. म्हणून रायफल वाईट आहे की चांगली हे ती कुठे वापरायची आहे ते ठरवल्यावाचून सांगता येत नाही.

अचूकता मोजण्याच्या प्रचलित रीतीतही एक मोठी गफलत आहे. कागदावर तीन गोळ्या झाडायच्या, त्यांतील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजायचे आणि त्यावरून रायफलीची लायकी ठरवायची, ही रीत सर्वत्र रुळलेली आहे. पण तीन गोळ्यांचा समूह केवळ योगायोगाने अर्ध्या इंचाचाही येतो आणि त्याच रायफलीतून, त्याच काडतुसांनी, दोन इंचांचाही येतो. संख्याशास्त्राच्या साध्या नियमानुसार दहा गोळ्यांचा समूह तीन गोळ्यांच्या समूहापेक्षा सरासरीने सुमारे १.६ पट मोठा असतो, कारण अधिक गोळ्या झाडल्या की दूर जाणारी एखादी गोळी येण्याची शक्यता वाढते. म्हणजे गेल्या वर्षी इंचभर अंतरात गोळ्या टाकणारी रायफल यंदा पावणेदोन इंचांवर गेली, एवढ्यावरून तिची नळी झिजली असा निष्कर्ष काढणे हे मुळात पुराव्यावाचून निकाल देण्यासारखे आहे. नळी थंड होऊ देत, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून वीस गोळ्या एकाच खुणेवर झाडल्या, तर जे चित्र दिसते त्यावर विश्वास ठेवता येतो, आणि वीस काडतुसांची किंमत नव्या नळीच्या किमतीपुढे नगण्य असते.

एवढे करूनही रायफल खरोखर बिघडलेली आढळली, तरी दोष शोधण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा असावा. अनुभवी बंदूक-कारागीर असाच क्रम पाळतात. सर्वांत आधी पाहायचे ते स्क्रू. दुर्बीण ज्या कड्यांमध्ये बसते त्या कड्यांचे, त्या कड्या ज्या पायावर बसतात त्याचे, आणि रिसीव्हरला लाकडी किंवा प्लास्टिकच्या दस्त्याशी जखडणारे स्क्रू प्रत्येक दणक्यासरशी किंचित सैल होत जातात, आणि त्यांतील एक जरी ढिला असला तरी गोळ्या कागदभर पसरतात. हे स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता ठरावीक पिळापर्यंतच आवळणारा मोजमापी पाना वापरून आवळावेत. त्यानंतर दुर्बीण: तिच्या आतली भिंगे धरणारी यंत्रणा नाजूक असते, आणि वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी ती निकामी झाली तरी बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून दुसऱ्या चांगल्या रायफलीवरची खात्रीची दुर्बीण तात्पुरती चढवून पाहणे हाच खरा उपाय. त्यानंतर काडतुसे. प्रत्येक नळी गोळी सुटताना आपल्या विशिष्ट रीतीने कंप पावते, आणि एका कंपनीची काडतुसे ज्या नळीत उत्तम चालतात तीच दुसरीत वाईट चालतात. वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्यांची तीन-चार प्रकारची काडतुसे वापरून पाहिल्याशिवाय नळीला दोष देणे हा अन्याय आहे.

यानंतर नळीचे तोंड तपासावे. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी तिच्यामागचा प्रचंड दाबाचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. तोंडाच्या आतल्या कडेला एका बाजूस बारीकशी टवका उडालेली जागा असली, तरी वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. रायफल जीपच्या फरशीवर तोंडाच्या बाजूने टेकवली जाणे, किंवा साफसफाईची सळई वर्षानुवर्षे तोंडाकडूनच घालणे, ही या दोषाची नेहमीची कारणे होत. ही कड लेथवर पुन्हा सरळ करून घेणे हे नळी बदलण्याच्या मानाने फारच अल्प खर्चाचे काम आहे. नळीच्या आत साचलेले तांबेही विसरता येत नाही: बहुतेक गोळ्यांच्या शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते, त्याचा थर खाचांवर चढत जातो, आणि कारखानी नळ्यांचा आतला पृष्ठभाग हाताने घासून गुळगुळीत केलेल्या महागड्या नळ्यांपेक्षा खरखरीत असल्यामुळे त्यांत हा थर लवकर चढतो. वर्षानुवर्षे नुसते तेल फिरवून ठेवलेल्या कितीतरी रायफली तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाने नीट धुतल्यावर पूर्ववत होतात.

लाकडी दस्त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्याकडे सविस्तर पाहायला हवे, कारण सुधारणेचा सर्वाधिक लाभ इथेच होतो. अक्रोडाचे लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे दस्त्याचा पुढचा भाग कधी नळीला एका बाजूने दाबतो, कधी सोडतो, आणि ऑगस्टमध्ये जुळवलेला नेम नोव्हेंबरच्या बर्फात सरकलेला असतो. नळी आणि दस्ता यांच्यात कागदाची पट्टी सरकवून ती रिसीव्हरपर्यंत मोकळी जाते का हे पाहणे ही याची सोपी परीक्षा आहे. मात्र काही कारखाने दस्त्याच्या टोकाला मुद्दाम एक उंचवटा ठेवून नळीला खालून ठरावीक दाब देत असत, आणि अशा रायफलीत तो उंचवटा छाटल्याने अचूकता वाढण्याऐवजी घटल्याचेही आढळते. म्हणून छाटण्याआधी नळीखाली पातळ पट्टी ठेवून फरक पाहणे शहाणपणाचे. दुसरा उपाय म्हणजे बेडिंग, म्हणजे रिसीव्हर जिथे दस्त्यात टेकतो तिथे इपॉक्सीचा थर भरून तो रिसीव्हरच्या आकाराशी तंतोतंत जुळवणे, ज्यामुळे दणका घेणारा जाड लोखंडी तुकडा प्रत्येक वेळी त्याच जागी टेकतो. ओतीव प्लास्टिकच्या स्वस्त दस्त्यांना ओलाव्याचा त्रास नसतो, पण ते हाताच्या दाबानेही वाकतात. तिथे फायबरग्लासचा ताठ दस्ता घेणे अधिक योग्य.

सुधारणा म्हणजे काय असू शकते याचे अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॅक ओ’कॉनर या लेखकाचे आहे, ज्याने अनेक दशके ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात बंदुकींविषयी लिहिले आणि .२७० विंचेस्टर या १९२५ साली आलेल्या काडतुसाला घरोघरी पोहोचवले. त्याची जी रायफल सर्वाधिक नावाजली, ती मुळात आयडाहो राज्यातील लुईस्टन गावच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली कारखानी विंचेस्टर मॉडेल ७० होती. स्पोकेनचा कारागीर अल बीसेन याने तिला नवा अक्रोडी दस्ता घडवून दिला, आणि ओ’कॉनरने तीच रायफल पुढे देशोदेशीच्या शिकारीत वापरली. उत्तम दस्त्यात नीट बसवलेली कारखानी यंत्रणा किती दूरवर जाऊ शकते, याचा याहून बोलका दाखला नाही.

चापाची सुधारणा त्यामानाने सोपी असते. खटल्यांच्या भीतीने कारखाने दीर्घकाळ चाप जड ठेवत आले. तो ओढायला पाच-सहा पौंड जोर लागला, की साडेसात पौंडांची रायफल त्या ओढीत हलतेच. या शतकाच्या सुरुवातीस सॅव्हेज कंपनीने मालकाला स्वतः सुरक्षितपणे हलका करता येईल असा ‘अ‍ॅक्युट्रिगर’ आणला आणि इतर कारखान्यांनाही आपले चाप सुधारणे भाग पडले. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे: रेमिंग्टनच्या जुन्या चापांबद्दल, चाप न ओढताच गोळी सुटल्याच्या तक्रारी आणि खटले वर्षानुवर्षे चालले, कंपनीने जुन्या रचनेत दोष असल्याचे मान्य केले नाही, पण ‘एक्स-मार्क प्रो’ हा नवा चाप २०१४ मध्ये तिने स्वतः परत मागवला. ज्याच्याकडे जुनी मॉडेल ७०० आहे, त्याने अचूकतेचा विचार करण्याच्याही आधी तिचा चाप जाणकाराकडून तपासून किंवा बदलून घ्यावा. यात तडजोडीला जागा नाही.

आता नळीच्या खऱ्या झिजेकडे वळता येईल. काडतुसातील दारू पेटते तेव्हा .३०-०६ सारख्या काडतुसात दर चौरस इंचावर ६०,००० पौंडांपर्यंत दाब निर्माण होतो, आणि ज्वलनवायूंचे तापमान पोलादाच्या वितळणबिंदूच्याही वर जाते. हे सर्व सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकते, म्हणून नळी वितळत नाही, पण चेंबरच्या लगेच पुढे, जिथे खाचा सुरू होतात त्या भागाचा पृष्ठभाग प्रत्येक गोळीला तापून कडक व ठिसूळ होतो आणि त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. या भागाला नळीचा घसा म्हणतात. पुढे या भेगांतील कण निघून जातात, घसा लांबत आणि रुंदावत जातो, आणि गोळी खाचांत शिरण्याआधी मोकळ्या जागेत अधिक अंतर उडी घेऊ लागते. नळीचे भोक जितके लहान आणि त्यामागची दारू जितकी जास्त, तितका घसा लवकर जळतो. म्हणूनच .३०८ विंचेस्टरची नळी साधारण ५,००० गोळ्यांपर्यंत चांगली अचूकता देते, ६.५ क्रीडमूरची दोन ते तीन हजारांपर्यंत, आणि सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमसारख्या जास्त दारूच्या काडतुसाची हजार ते दीड हजारांपर्यंत. हे आकडे स्पर्धक नेमबाजांच्या कडक अपेक्षेचे आहेत, शिकाऱ्याचे काम त्यानंतरही बराच काळ चालते.

हंगामाआधी नेम जुळवण्यासाठी, थोड्या सरावासाठी आणि प्रत्यक्ष शिकारीसाठी मिळून वर्षाला चाळीस गोळ्या झाडणारा शिकारी .३०८ ची नळी झिजवायला सव्वाशे वर्षे घेईल, आणि सात मिलिमीटर मॅग्नमचीही तीस वर्षे टिकेल. अर्थातच बहुसंख्य कारखानी शिकारी रायफली नळी झिजल्यामुळे कधीच निवृत्त होत नाहीत. अपवाद आहेत: पश्चिमेकडील माळांवर प्रेअरी डॉग नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांवर एका दिवसात शेकडो गोळ्या झाडणारे लोक .२२-२५० किंवा .२२० स्विफ्टची नळी तापलेली असतानाच झाडत राहतात आणि थोड्याच हंगामांत तिचा घसा जाळून टाकतात. दुसरा अपवाद गंजाचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी लष्करी काडतुसांच्या टोप्यांत असे क्षार असत, जे झाडल्यानंतर नळीत राहून ओलावा शोषून घेत आणि पाण्याने न धुतल्यास खोल खड्डे पाडत. हल्ली नळीत कॅमेरा घालून पाहण्याची स्वस्त साधने मिळतात, आणि त्यांच्यामुळे एक नवीच भीती पसरली आहे: पडद्यावर मोठा करून पाहिलेला प्रत्येक घसा भयंकर दिसतो, परंतु भेगांचे जाळे दिसणारी नळी कागदावर उत्तम काम करत असेल, तर कागदाचा पुरावाच ग्राह्य मानला पाहिजे.

नळी बदलण्याचे सबळ कारण बहुधा झिजेत नसून पिळात असते. खाचा नळीत किती वेगाने वळतात, म्हणजे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्याला नळीचा पीळ म्हणतात. दहा इंचांत एक फेरा असेल तर तो एकास दहा असा लिहितात. वुलविच येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले, की गोळी स्थिर राहण्यासाठी लागणारा पीळ मुख्यतः गोळीच्या लांबीवर अवलंबून असतो: जाडीच्या मानाने गोळी जितकी लांब, तितका जलद पीळ हवा. पीळ अपुरा असला तर गोळी हवेत डोलते, कधी कधी आडवी होऊन लक्ष्यावर लांबट भोक पाडते, आणि अशा रायफलीवर दस्ता, चाप, दुर्बीण यांवर कितीही पैसे खर्च केले तरी उपयोग होत नाही.

या एका आकड्याने एका चांगल्या काडतुसाचे नशीब कसे बदलले, ते १९५५ सालच्या घटनेत दिसते. त्या वर्षी विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी एकाच जाडीच्या गोळीची दोन काडतुसे बाजारात आणली. रेमिंग्टनने आपले काडतूस लहान प्राण्यांसाठी हलक्या गोळ्यांसह वापरले जाईल असे गृहीत धरून एकास बाराचा संथ पीळ दिला. विंचेस्टरने एकास दहाचा दिला, ज्यात हरणासाठी योग्य अशी १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची गोळीही स्थिर राहत असे. ग्राहकाला एकाच रायफलीने दोन्ही कामे करायची होती, आणि दारू अधिक मावत असूनही .२४४ मागे पडले. रेमिंग्टनने पुढे एकास नऊचा पीळ दिला, १९६३ मध्ये त्याचे नाव बदलून ‘सहा मिलिमीटर रेमिंग्टन’ केले, पण गेलेला ग्राहक फारसा परतला नाही. ज्याच्याकडे त्या पहिल्या वर्षांतील .२४४ आहे, त्याच्यासाठी नळी बदलणे हा खरोखर विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

आज हाच प्रश्न अधिक व्यापक रूपात आला आहे, आणि त्यामागे एका पक्ष्याची कहाणी आहे. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८२ मध्ये केवळ २२ उरला होता. १९८७ मध्ये उरलेले सर्व पक्षी पकडून बंदिवासात वाढवण्यात आले आणि नंतर हळूहळू मोकळे सोडण्यात आले. मोकळे सोडलेले पक्षी पुन्हा मरू लागले ते शिशाच्या विषबाधेने: शिशाची गोळी हरणात शिरताना शेकडो बारीक कणांत फुटते, शिकारी आतडी रानातच टाकून जातो, आणि काँडोर ते कणांसह खातो. डायक्लोफिनॅक हे गुरांचे औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचा संहार झाल्याचे भारतीय वाचकांना ठाऊकच आहे. मेलेले जनावर खाणाऱ्याला माणसाच्या सोयीची किंमत अशी दोन्हीकडे मोजावी लागली. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या काडतुसांवर पूर्ण बंदी घातली, आणि इतर राज्यांतही अनेक शिकारी स्वखुशीने तांब्याच्या गोळ्यांकडे वळले. तांबे शिशापेक्षा हलके असते. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांब्याची जवळजवळ ९. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते, आणि ग्रीनहिलच्या नियमाप्रमाणे तिला अधिक जलद पीळ लागतो. एकास चौदा पिळाची जुनी .२२-२५० शिशाच्या ५५ ग्रेनच्या गोळीवर उत्तम चालत असूनही तांब्याच्या लांब गोळीवर निरुपयोगी ठरू शकते. अशा मालकापुढे दोन वाटा असतात, हलकी आणि आखूड तांब्याची गोळी वापरणे किंवा नळी बदलणे, आणि ज्याला मोठ्या जनावरासाठी वजनदार गोळी हवीच, त्याने दुसरी वाट निवडण्यात काहीच चूक नाही.

नळी बदलायची ठरली, की नव्या काडतुसाची निवड रिसीव्हरच्या मर्यादेत करावी लागते. बोल्टच्या पुढच्या तोंडात काडतुसाचा बुडखा बसतो; .३०-०६, .२७०, .३०८, .२४३ आणि ६.५ क्रीडमूर या सर्वांचा बुडखा सारख्याच व्यासाचा आहे, तर मॅग्नम काडतुसांचा मोठा असतो. म्हणून .२४३ ची रायफल ६.५ क्रीडमूरमध्ये सहज रूपांतरित होते, कारण बोल्टचे तोंड आणि रिसीव्हरची लांबी दोन्ही जुळतात. तिला मॅग्नम करायचे तर बोल्टही बदलावा लागतो. नळी बसवण्यातील सर्वांत नाजूक बाब म्हणजे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस ज्या जागी अडते ती जागा यांमधील अंतर. ते कमी असले तर बोल्ट बंद होत नाही, आणि जास्त असले तर काडतुसाचे पितळी आवरण ताणून फुटते व तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. मॉडेल ७०० मध्ये हे अंतर लेथवर नळी कापून साधले जाते, तर १९५८ मध्ये निकोलस ब्रूअर याने आखलेल्या सॅव्हेज ११० मध्ये नळीवर एक मोठे नट असते, जे सैल करून, मोजमापी तुकडा चेंबरमध्ये ठेवून, नळी योग्य जागी आणून पुन्हा आवळता येते. यामुळे सॅव्हेजची नळी बदलणे पुष्कळ स्वस्त पडते. तरीही ते काम किंवा निदान त्याची अंतिम तपासणी प्रशिक्षित कारागिराने करावी. ब्रिटनमध्ये अशी नळी बदललेली बंदूक विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाच्या काडतुसांनी तपासून घेणे कायद्याने सक्तीचे आहे. अमेरिकेत अशी सक्ती नाही, म्हणून तिथे कारागिराच्या सचोटीवरच सारा भार असतो.

खर्चाचा हिशेब निर्णायक ठरतो. चांगल्या प्रतीची कच्ची नळी साधारण साडेतीनशे ते साडेचारशे डॉलरना मिळते, आणि आटे पाडणे, चेंबर कोरणे, तोंड सरळ करणे यासाठी जवळपास तितकीच मजुरी लागते. रंगरंगोटी आणि नवी दुर्बीण धरली तर आकडा हजाराच्या पुढे जातो. याउलट आजच्या साध्या नव्या रायफली पाचशे-सहाशे डॉलरला येतात आणि अचूकतेत जुन्या महागड्या रायफलींना सहज मागे टाकतात. निव्वळ व्यवहाराने पाहिले, तर स्वस्त रायफलीची नळी बदलणे कधीच परवडत नाही. नळी बदलणे तिथेच योग्य ठरते, जिथे रिसीव्हर चांगला आहे, दस्ता मालकाच्या खांद्याला बसला आहे, आणि रायफल टिकवण्यामागे पैशापलीकडचे कारण आहे.

याच कारणाने कधी कधी तिला हातच लावू नये. विंचेस्टर मॉडेल ७० ही १९३६ साली आली आणि काडतुसाचा बुडखा शेवटपर्यंत पकडून ठेवणाऱ्या तिच्या भक्कम लांब पंजामुळे तिची ख्याती झाली. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तो पंजा काढून टाकला आणि दस्त्यावरील हाताने कोरलेली नक्षीही ठशाने दाबून उमटवली. तेव्हापासून १९६४ पूर्वीच्या रायफलींना संग्राहकांकडून वेगळी किंमत मिळते, आणि मूळ नळी, मूळ रंग, मूळ दस्ता यांपैकी एक जरी बदलले तरी ती किंमत झपाट्याने कोसळते. अशी रायफल दीड मिनिटाचा नेम देत असेल, तर तिला तशीच ठेवून शिकारीसाठी दुसरी घेणे हेच योग्य, कारण एकदा काढलेली मूळ अवस्था परत आणता येत नाही.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात क्रमांक असलेला रिसीव्हर हेच शस्त्र मानले जाते आणि सुटी नळी सामान्यतः परवान्याविना मिळते, म्हणूनच तिथे हा सारा व्यवहार इतका खुला आहे. भारतात स्थिती उलट आहे: १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही अग्निशस्त्रात मोडतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद झाली आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असणाऱ्या ठासणीच्या बंदुका असोत किंवा इशापूरच्या कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल असो, त्यांची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते, आणि नळी बदलण्याचा विचार परवान्यावरील नोंदींपासून सुरू होतो.

अमेरिकेत चांगल्या कारागिरांकडे कामाची रांग कित्येक महिन्यांची असते, म्हणून नोव्हेंबरच्या हंगामासाठी नळी बदलायची असेल तर ती जानेवारी-फेब्रुवारीतच मागवावी लागते. नवी नळी हाती आल्यावर पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांमध्ये तिचा आतला भाग घासून स्थिरावतो आणि गोळीचा वेगही थोडा वाढू शकतो, त्यामुळे सुरुवातीला जुळवलेला नेम अंतिम मानता येत नाही. ऑगस्टपर्यंत या गोळ्या झाडून झाल्या, की हंगामात वापरायच्याच काडतुसांनी, ज्या थंडीत शिकार करायची तशाच थंड सकाळी, नेम पुन्हा एकदा जुळवावा लागतो.